गुस्ताव वासा : राज्य आणि घर

भाऊबंदकी हे आपल्याच मातीतले पीक आहे, अशी आपली एक समजूत आहे. वडिलोपार्जित वाड्याची वाटणी असो वा विहिरीच्या पाण्याची पाळी असो, भावाभावांत वितुष्ट आले की घरातले एखादे वडीलधारे माणूस सुस्कारा टाकून म्हणते, “आपल्या लोकांच्या रक्तातच आहे हे!” पण इतिहासाची पाने जरा लांबवर उलटली, तर आपल्या रक्तावरचा हा आरोप थोडा हलका होतो. युरोपच्या उत्तर टोकाशी, जिथे हिवाळ्यात दुपारीच अंधारून येते, त्या स्वीडन देशात सोळाव्या शतकात एक राजा होऊन गेला. त्याने सदतीस वर्षे राज्य केले, विस्कटलेला देश एकत्र बांधला, आणि मरताना तो मुलांच्या हाती अशा रीतीने दिला की पुढची चाळीस वर्षे ते घर स्वतःशीच भांडत राहिले. त्याचे नाव गुस्ताव वासा.

१३९७ सालापासून डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही तीन राज्ये एका राजमुकुटाखाली आली होती. या जुटीला कालमारचा संघ म्हणतात. संघ नावाचा, वर्चस्व बहुतेक डेन्मार्कचे. स्वीडनमधल्या सरदारांना ते मानवत नसे, म्हणून तंटे सतत चालू. १५१८ साली डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्तियान याने तहाची बोलणी चालू असताना काही तरुण स्वीडिश सरदार ओलीस मागून घेतले आणि सरळ जहाजावर घालून डेन्मार्कला नेले. त्यांत विशीतला गुस्ताव होता. वर्षभराने तो कैदेतून निसटला, गुराख्याच्या वेषात पळाला म्हणतात, आणि उत्तर जर्मनीतील ल्यूबेक या व्यापारी शहरात त्याने आसरा घेतला. १५२० च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तो स्वीडनच्या किनाऱ्याला लागला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात स्टॉकहोममध्ये क्रिस्तियानने आपला राज्याभिषेक करवून घेतला. मागचे सारे विसरून गेल्याचे अभय त्याने दिले होते. सरदार, बिशप, शहरातले प्रतिष्ठित नागरिक असे सारे मेजवानीला आले. दोनतीन दिवस खाणेपिणे झाले आणि मग एका संध्याकाळी किल्ल्याचे दरवाजे बंद झाले. पाखंडाचा आरोप ठेवून दुसऱ्या दिवसापासून शहरातल्या मोठ्या चौकात शिरच्छेद सुरू झाले. ऐंशीच्या वर माणसे मारली गेली. त्यांत गुस्तावचे वडील होते, त्याच्या बहिणीचा नवरा होता. आई, आजी आणि बहिणी यांना कैद करून कोपनहेगनला नेण्यात आले. आई त्या कैदेतून जिवंत परतली नाही. वयाच्या पंचविशीच्या आत त्याचे घर असे एका तडाख्याने उद्ध्वस्त झाले. पुढे हा माणूस राज्यालाच घर समजू लागला आणि घराला राज्य. त्याचे मूळ कदाचित या घटनेत असेल.

तो उत्तरेकडे, डालार्ना नावाच्या खाणींच्या आणि जंगलांच्या मुलुखात पळाला. तिथल्या त्याच्या भटकंतीच्या कथा स्वीडनमधली मुले अजून ऐकतात. कुठे तो धान्य झोडपणारा मजूर झाला, कुठे गवताच्या गाडीत लपला आणि शोधणाऱ्यांचा भाला त्याच्या पायाला लागला. यांतले खरे किती आणि रचलेले किती, हे आज कोणी सांगू शकत नाही. मोरा गावच्या शेतकऱ्यांना त्याने उठावाचे आवाहन केले, पण ते बिचकले. निराश होऊन तो बर्फावरून नॉर्वेच्या दिशेने निघून गेला. मागाहून स्टॉकहोमच्या कत्तलीची बातमी पक्की कळली, तेव्हा गावाने दोन वाकबगार स्कीबहाद्दर त्याच्यामागे धाडले. त्यांनी त्याला सेलेनजवळ गाठून परत आणले. या आठवणीसाठी १९२२ सालापासून सेलेन ते मोरा अशी नव्वद किलोमीटरची स्कीशर्यत भरते आणि तिच्यात हजारो माणसे धावतात.

पुढचे सारे वेगाने घडले. शेतकऱ्यांची फौज उभी राहिली, ल्यूबेकच्या व्यापाऱ्यांनी जहाजे आणि पैसा पुरवला, आणि ६ जून १५२३ रोजी स्ट्रेंगनेस येथे गुस्तावची राजा म्हणून निवड झाली. तोच ६ जून आज स्वीडनचा राष्ट्रीय दिवस आहे. त्याच्या घराण्याच्या ढालीवर पेंढीसारखी एक आकृती असे. तिच्यावरूनच इतिहासकारांनी पुढे या घराण्याला वासा हे नाव दिले.

राजा झाला, पण तिजोरी रिकामी आणि डोक्यावर ल्यूबेकचे भलेमोठे कर्ज. पैसा होता तो चर्चपाशी. लूथरचा नवा विचार जर्मनीतून येऊन पोहोचलाच होता. १५२७ साली व्हेस्टेरोसच्या सभेत गुस्तावने चर्चची मालमत्ता राज्याकडे ओढून घेतली. १५४१ मध्ये संपूर्ण बायबल स्वीडिश भाषेत छापून निघाले आणि त्या भाषेला पक्के वळण मिळाले. मात्र राजाची सारी कृत्ये अशी गोड नव्हती. कर्ज फेडण्यासाठी त्याने गावोगावच्या देवळांतल्या घंटांवर हात टाकला, तेव्हा ज्या डालार्नाने त्याला गादीवर बसवले तोच मुलूख बंड करून उठला. राजाने पुढाऱ्यांची डोकी उडवली. १५४२ साली दक्षिणेत निल्स डाके या शेतकऱ्याच्या नेतृत्वाखाली त्याहून मोठा उठाव झाला. तोही त्याने चिरडला. उपकार लक्षात ठेवण्याइतकी सवड या राजाला नव्हती.

कारभारी मात्र असा की पाहत राहावे. त्याच्या दप्तरातली पत्रे पुढे छापली, तेव्हा एकोणतीस खंड भरले. कुठल्या जहागिरीवर गवत कधी कापावे, बैल किती ठेवावेत, चांदीच्या खाणीतून काय निघाले, अशा गोष्टींवर राजा स्वतः अधिकाऱ्यांना खरमरीत पत्रे धाडी. सारा देश ही जणू त्याची एक मोठी शेती होती आणि तो तिचा चिकट, कष्टाळू, संशयी मालक.

आता त्याच्या घरात डोकावू. १५३१ मध्ये त्याने साक्से-लाउएनबुर्गची जर्मन राजकन्या कातारीना हिच्याशी लग्न केले. तिला एरिक हा मुलगा झाला. १५३५ साली ती गरोदर असताना एका समारंभात नाचता नाचता पडली आणि काही दिवसांत वारली. राजानेच तिला हातोड्याने मारले, अशी कुजबूज शत्रूंनी पसरवली. विसाव्या शतकात तिची कबर उघडली, तेव्हा कवटीवर अशा घावाची खूण सापडली नाही.

दुसऱ्याच वर्षी त्याने मार्गारेटा लेयोनहूफ्वुड या स्वीडिश सरदारकन्येशी लग्न केले. हा संसार खरोखर संसारासारखा झाला. दहा मुले झाली आणि आठ जगली : योहान, मॅग्नस, कार्ल आणि पाच मुली. संतापी राजाला शांत करून अपराध्याला वाचवावे तर मार्गारेटानेच, अशी तिची ख्याती होती. १५५१ साली ती गेली. वर्षभरात, छप्पन्न वर्षांच्या राजाने तिच्या सख्ख्या बहिणीची सतरा वर्षांची मुलगी, कातारीना स्टेनबॉक, हिच्याशी तिसरे लग्न लावले. नाते फार जवळचे म्हणून आर्चबिशपने हरकत घेतली. पण आर्चबिशप राजानेच नेमलेला. त्याचे ऐकणार कोण?

१५४४ साली गुस्तावने राज्य वंशपरंपरागत करून घेतले. तोवर राजा निवडला जाई; आता बापामागे थोरला मुलगा. इथवर ठीक होते. पण धाकट्यांच्या वाट्याला काय? राजाने थोरल्याला मुकुट दिला आणि धाकट्यांना मोठमोठे प्रांत तोडून दिले. योहानला फिनलंड, मॅग्नसला ऊस्टरयोटलांड, कार्लला सोडरमानलांड. आयुष्यभर ज्याने बड्या सरदारांची ठाणी मोडून सत्ता एका मुठीत आणली, त्यानेच शेवटी स्वतःच्या घरात नवे सत्ताधीश उभे केले. राजा म्हणून त्याला हे कळत नसेल असे नाही. पण बाप म्हणून एकाला सारे आणि इतरांना काहीच नाही, हे त्याला करवले नाही. जून १५६० मध्ये त्याने प्रतिनिधींची सभा भरवून हे मृत्युपत्र वाचून घेतले, मुलांकडून आणि सभेकडून पाळण्याच्या शपथा घेतल्या आणि सर्वांचा निरोप घेतला. २९ सप्टेंबरला तो वारला.

शपथा तीन वर्षेही टिकल्या नाहीत. योहानने भावाच्या मर्जीविरुद्ध पोलंडच्या राजकन्येशी लग्न केले आणि तिकडे संधान बांधले. एरिकने १५६३ मध्ये फौज धाडून त्याला पकडले आणि बापानेच बांधलेल्या ग्रिप्सहोल्मच्या किल्ल्यात बायकोसह कोंडले. मोकळीक मिळत असूनही त्या बायकोने नवऱ्याबरोबर कैद पत्करली. तिचा मुलगा सिगिस्मुंड तिथेच जन्मला. इकडे एरिकचे मन संशयाने पोखरत चालले. १५६७ साली उप्सालात त्याने कैदेतल्या सरदारांचे खून करवले. एकावर तर स्वतः हत्यार चालवले. पुढच्या वर्षी कारिन या साध्या शिपायाच्या मुलीला त्याने राणी केले. तेव्हा योहान आणि कार्ल एक झाले आणि त्यांनी एरिकला गादीवरून खेचले. आता एरिकची पाळी. अनेक किल्ल्यांत त्याला फिरवले. त्यांत ग्रिप्सहोल्मही होते. १५७७ साली तो कैदेत मेला. वाटाण्याच्या सुपातून विष दिले, असे लोक म्हणत आले. १९५८ मध्ये त्याचे अवशेष तपासले, तेव्हा त्यांत सोमल मोठ्या प्रमाणात आढळला.

एरिकच्या मुलाचे नाव आजोबाच्याच नावावरून गुस्ताव ठेवलेले. सात वर्षांचा असताना त्याला आईपासून तोडून देशाबाहेर धाडले. एकवीस वर्षांनी मायलेकांची भेट झाली, तेव्हा त्याला स्वीडिश बोलता येत नव्हते असे सांगतात. ज्याच्या आजोबांनी देशाला देशी भाषेतले बायबल दिले, तो नातू आईशी आपल्या भाषेत दोन शब्द बोलू शकला नाही.

भांडण इथेही थांबले नाही. योहानमागे सिगिस्मुंड राजा झाला, तर धाकट्या कार्लने पुतण्याशी युद्ध केले आणि १५९९ साली त्याला पदच्युत केले. कार्लचा मुलगा गुस्ताव अडोल्फ पुढे साऱ्या युरोपला हादरवणारा सेनानी ठरला आणि १६३२ मध्ये ल्यूत्सेनच्या रणांगणावर पडला. त्याची मुलगी क्रिस्तीना हिने १६५४ साली स्वखुशीने मुकुट उतरवला आणि स्वीडनच्या गादीवरचे वासा घराणे संपले.

उप्सालाच्या मोठ्या चर्चमध्ये गुस्तावची समाधी आहे. दगडात कोरलेला राजा मधोमध निजला आहे आणि दोन्ही बाजूंना पहिल्या दोन राण्या. तिसरीलाही तिथेच पुरले, पण तिची मूर्ती नाही. पंचविसाव्या वर्षी विधवा झालेली ही कातारीना स्टेनबॉक १६२१ पर्यंत, म्हणजे आणखी एकसष्ट वर्षे जगली. एरिकची कैद तिने पाहिली, योहानचे राज्य पाहिले, सिगिस्मुंडची हकालपट्टी पाहिली, कार्लचा अंत पाहिला आणि गुस्ताव अडोल्फचा उदयही पाहिला. मृत्युपत्राच्या वेळी घेतलेल्या शपथा आठवणारे त्या घरात अखेर तिच्यावाचून आणखी किती जण उरले होते?