काशीतील वडिलोपार्जित घर आणि वारसाहक्काचे नियोजन

वाराणसीतील ब्रह्माघाट, दुर्गाघाट परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. या घराण्यांच्या पुढील पिढ्या पुणे, मुंबई किंवा परदेशी स्थायिक झाल्यानंतरही अनेकदा घराच्या कागदपत्रांवर आजोबा-पणजोबांचेच नाव राहते. विश्वनाथ मंदिराच्या परिसर विस्तारासाठी मंदिरालगतच्या ३०० हून अधिक मालमत्ता खरेदी करण्यात आल्या व १३ डिसेंबर २०२१ रोजी या प्रकल्पाचे लोकार्पण झाले. अशा व्यवहारात घर कोणाचे आणि कोणाचा हिस्सा किती, हे कागदपत्रांनिशी दाखवावे लागते.

काशी आणि वारसाकायदा यांचे नाते जुने आहे. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्ट यांनी सतराव्या शतकात रचलेला ‘व्यवहारमयूख’ हा ग्रंथ ब्रिटिश अमदानीत मुंबई व गुजरातेत वारसाच्या दाव्यांत प्रमाण मानला जाई. काशीत मात्र मिताक्षरेच्या बनारस संप्रदायाचे नियम चालत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हा प्रांतभेद बव्हंशी संपवला.

मालमत्तेची वर्गवारी

मृत्युपत्र लिहिण्यापूर्वी कोणती मालमत्ता स्वकष्टार्जित आणि कोणती वडिलोपार्जित, हे वकिलाकडून तपासून घेणे आवश्यक असते. स्वकष्टार्जित मालमत्ता कोणासही देता येते. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मात्र केवळ स्वतःच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते. ९ सप्टेंबर २००५ पासून अशा मालमत्तेत मुलीलाही जन्मतः मुलाइतकाच हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. त्यामुळे विवाहित बहिणींना वगळून केलेली व्यवस्था न्यायालयात टिकेलच, असे नाही.

उत्तर प्रदेशातील शेतजमिनीचा वारसाक्रम राज्याच्या महसूल संहितेनुसार ठरतो. ही संहिता २००६ ची असून २०१६ मध्ये लागू झाली. घर व शेत एकाच नियमाने वाटले जाईल, असे गृहीत धरू नये.

मृत्युपत्र की बक्षीसपत्र

मृत्युपत्रावर करणाऱ्याची स्वाक्षरी किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्यांना मालमत्तेत वाटा मिळणार नाही, असे साक्षीदार निवडणे हिताचे असते. उत्तर प्रदेशात २००४ मध्ये मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची करण्यात आली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ही सक्ती रद्दबातल ठरवली. तथापि, पुढे वाद उद्भवल्यास नोंदणीकृत दस्त पुराव्यास उपयोगी पडतो. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते.

बक्षीसपत्राने मात्र मालकी तत्काळ हस्तांतरित होते आणि सहसा ते मागे घेता येत नाही. नजीकच्या नातलगांना दिलेल्या स्थावर मालमत्तेच्या बक्षीसपत्रासाठी राज्य शासनाने २०२२ मध्ये ५,००० रुपये मुद्रांक शुल्काची सवलत सुरू केली. प्रारंभी सहा महिन्यांसाठी असलेली ही सवलत २०२३ मध्ये पुन्हा लागू करण्यात आली. शुल्क कमी असले तरी वृद्ध आई-वडिलांनी त्या घरात राहण्याचा हक्क आणि देखभालीची अट दस्तात स्पष्ट लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांसंबंधीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, देखभालीची अट मोडल्यास असे हस्तांतरण न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते.

बँकेतील ठेवी आणि समभाग यांवर नामनिर्देशित व्यक्तीचे नाव असले, तरी केवळ त्या नोंदीमुळे ती व्यक्ती मालक ठरत नाही. समभागांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले.

वकिलाकडे जाताना

मूळ खरेदीखत, वाटणीपत्र, नगर निगमाच्या करपावत्या, शेतीची खतौनी, मृत्यूचे दाखले आणि सर्व शाखांची वंशावळ सोबत न्यावी. जुन्या मालकाच्या निधनानंतर नावात बदल झाला नसल्यास प्रथम ‘दाखिल-खारिज’, म्हणजेच महाराष्ट्रातील फेरफारासारखी नोंद करून घ्यावी. मात्र या नोंदीने मालकीहक्क सिद्ध होत नाही. मूळ मृत्युपत्र कोठे ठेवले आहे, हे त्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या व्यक्तीस अवश्य सांगून ठेवावे.