गाडी गेली, वाट राहिली

स्पेनच्या ईशान्येस, कॅटालोनियांत, गारोचा नांवाचा मुलूख आहे. या नांवाचा अर्थच मुळीं पाय ठेवण्यास अवघड अशी खडबडीत भूमि. आपल्या सह्याद्रीप्रमाणें तीहि लाव्हारसानें घडली. मात्र तेथील सुमारें ४० ज्वालामुखी वयानें फार लहान. आज त्यांवर रान माजलें आहे. सांता मार्गारिदा या ज्वालामुखीच्या मुखांत तर एक लहानसें प्रार्थनामंदिर उभें आहे.

अशा मुलुखांतील ओलोत शहर जिरोनाशीं जोडण्यासाठीं अरुंद रुळांची आगगाडी काढण्यांत आली. रुळांमधील अंतर अवघें ७५ सेंटिमीटर. पहिला टप्पा १८९५ सालीं सुरू झाला. ओलोत गांठावयास १९११ साल उजाडलें. लोक तिला लाडानें 'कारिलेत', म्हणजे छोटी गाडी, म्हणत. पुढें मोटारींची वाहतूक वाढली आणि १९६९ सालीं ती बंद पडली.

रूळ गेले, परंतु वाट राहिली. सुमारें ५५ किलोमीटरच्या त्या वाटेवर आज सायकली धांवतात; बहुतेक ठिकाणीं मोटारींस मज्जाव आहे. इंजिनास तीव्र चढ सोसत नसे, म्हणून पूर्वजांनीं डोंगर कापले, पूल बांधले आणि चढ सौम्य ठेवला. त्या श्रमांचें फळ आज शाळकरी मुलास व वृद्धासहि लाभतें.

बंद पडलेल्या लोहमार्गाची जमीन एकदां तुकड्यातुकड्यांनीं विकली गेली, कीं ती पुन्हां सलग करणें जवळजवळ अशक्य. गारोचांत ती अखंड राहिली, यांतच या वाटेचें सारें भाग्य आहे.