‘गाड्या महाग झाल्या’ : एका वाक्याची उलटतपासणी

सिनॉप्सिसच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये मी एक वाक्य अगदी ठोकून लिहिलं होतं : ‘प्रदूषणाच्या कडक नियमांमुळे भारतात नव्या गाड्या महाग झाल्या आहेत.’ माझा विषय आहे गाडीचा धूर स्वच्छ करणारे उत्प्रेरक. त्यातलं पॅलेडियम आणि ऱ्होडियम कमी कसं करता येईल, हे मी बघते. त्यामुळे ते वाक्य मला फारच सोयीचं होतं. मॅडमनी त्याखाली पेन्सिलनं तीन प्रश्न लिहिले : कधीपासून? कुठली गाडी? कुणासाठी?

मला वाटलं, एखादा संदर्भ चिकटवला की काम झालं. त्यात तीन आठवडे गेले. तुमच्यापैकी जे नेट-पेटच्या तयारीत आहेत आणि लवकरच स्वतःचा सिनॉप्सिस लिहायला बसतील, त्यांच्यासाठी हा त्या तीन आठवड्यांचा हिशोब.

कधीपासून?

आमच्या घरी या विषयावर बाबांचं एक ठरलेलं वाक्य आहे, ‘पन्नास हजारांत मारुती यायची.’ ते खरंच आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची चावी दिली गेली, तेव्हा किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती. पण ते रुपये १९८३ चे.

मग मी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक घेतला. इथे पहिली ठेच लागते. त्याचं आधारवर्ष मध्येच बदलतं : १९८२, मग २००१, मग २०१६. मालिका एकमेकींना जोडायला सरकारनंच गुणक दिलेत, ४.६३ आणि २.८८. ते न लावता आकडे शेजारी ठेवले, तर सगळंच चुकतं. नीट जोडल्यावर १९८३ पासून आजपर्यंतची वाढ साधारण सोळापट निघते. म्हणजे ते पन्नास हजार आजचे आठ लाख झाले.

आणि आज? सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यानंतर सर्वांत स्वस्त मॉडेलची एक्स-शोरूम किंमत चार लाखांच्या खाली गेली. म्हणजे महागाई वजा केली तर सर्वांत स्वस्त गाडी जवळपास निम्म्यावर आली आहे! आकडेमोड मी दोनदा तपासली. माझं ठोकून लिहिलेलं वाक्य पहिल्याच प्रश्नात डळमळलं.

कुठली गाडी?

१९८३ ची ती गाडी आज विकायलाच परवानगी मिळणार नाही. मधल्या काळात काय काय झालं, ते क्रमानं बघू.

एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरक बंधनकारक झाला. शिसं उत्प्रेरकाला निकामी करतं, म्हणून सोबत शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं. आता माझ्या विषयातली गोष्ट. हा उत्प्रेरक तिन्ही विषारी घटक एकदम हाताळतो, पण त्यासाठी एका भाग पेट्रोलमागे १४.७ भाग हवा, हे वजनाचं प्रमाण काटेकोर ठेवावं लागतं. कार्बोरेटरला ते झेपत नाही. म्हणून ऑक्सिजन सेन्सर आला, इंजेक्शन आलं आणि दोघांना सांभाळायला छोटा संगणक आला. एप्रिल १९९९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिल्ली परिसरात युरो निकष लागू झाले आणि कार्बोरेटरचे दिवस संपत आले. एक डबा बसवायचा होता, त्याच्यामागून सगळं इंजिनच बदललं.

२०२० मध्ये बीएस-६ आलं. डिझेल गाड्यांना धुरातले कण अडवणारा फिल्टर वगैरे महागडी यंत्रणा लागली. छोट्या डिझेल गाडीला तो खर्च पेलणारा नव्हता, आणि मारुतीनं डिझेल गाड्याच बंद केल्या. दुसरीकडे सुरक्षेचे नियम : २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, २०२२ पासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग. त्यामागे कारण होतं. २०१४ च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची मूळ मॉडेलं आदळून पाहिली. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. स्वस्ताईची किंमत कुणीतरी मोजतच होतं, फक्त ती बिलावर दिसत नव्हती.

वस्तूच बदलत असेल, तर तिची किंमत वाढली की नाही हे मोजायचं कसं? हा प्रश्न जुना आहे. १९३९ मध्ये अँड्र्यू कोर्ट या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं गाडीची किंमत तिचं वजन, लांबी आणि अश्वशक्ती यांच्याशी गणितानं जोडली. गुणवत्तेतली वाढ वजा केल्यावर त्याला किमती घसरलेल्या दिसल्या. १९६१ मध्ये झ्वी ग्रिलिचेस यांनी ही पद्धत पुन्हा वापरली आणि ती अर्थशास्त्रात रुजली. एक गोष्ट मात्र वहीत लिहून ठेवा : कोर्ट वाहन उत्पादकांच्या संघटनेत नोकरीला होता. त्यामुळे त्याची पद्धत चुकीची ठरत नाही. पण मोजणारा कुणाच्या पगारावर आहे, हे वाचणाऱ्याला माहीत हवं.

कुणासाठी?

मग ‘गाडीची सरासरी किंमत भरमसाट वाढली’ अशा बातम्या खोट्या का? नाही. एक कल्पित उदाहरण घेऊ. पाच लाखांच्या आठ आणि पंधरा लाखांच्या दोन गाड्या विकल्या, तर सरासरी सात लाख. पुढे पाच लाखांच्या चार आणि पंधरा लाखांच्या सहा विकल्या, तर सरासरी अकरा लाख. एकाही गाडीची किंमत बदलली नाही, तरी सरासरी चार लाखांनी वाढली! भारतात थोडंफार हेच झालंय. २०२३-२४ मध्ये विकलेल्या प्रवासी वाहनांपैकी निम्म्याहून जास्त युटिलिटी गाड्या होत्या. २०२१ च्या चिप-टंचाईत कंपन्यांनी हाती असलेल्या चिप जास्त नफ्याच्या मॉडेलांकडे वळवल्या, त्याचाही या कलाला हातभार लागला.

हे सगळं मी बाबांना उत्साहानं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बरं, मग एअरबॅग नको म्हटलं तर किती कमी होतील?’

काहीच नाही. आणि माझ्या तीन आठवड्यांत राहून गेलेली गोष्ट हीच. गुणवत्ता वजा केलेली किंमत कागदावर बरोबर असते, पण शोरूममध्ये पूर्ण किंमतच भरावी लागते. त्यात सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमाही एकदम घ्यावा लागतो. स्कूटरवरून गाडीवर येणाऱ्या घराला निर्देशांक दिलासा देत नाही. त्याला हवा असतो आपल्या पगाराशी लावलेला हिशोब, आणि तो प्रत्येक घराचा वेगळा येतो.

सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे : ‘१९९५ नंतरच्या उत्सर्जन नियमांमुळे भारतीय गाडीच्या रचनेत मूलभूत बदल झाले, त्या खर्चातला उत्प्रेरकातील मौल्यवान धातूंचा वाटा कमी करणे हा या संशोधनाचा हेतू आहे.’ पहिल्या वाक्यापेक्षा याचा दावा लहान आहे, पण व्हायवात कुणी विचारलं तर यातल्या प्रत्येक शब्दाला माझ्याकडे उत्तर आहे.

तुमच्या ड्राफ्टमधलं सगळ्यात सोयीचं वाक्य शोधा आणि मॅडमचे तीन प्रश्न त्याच्याखाली लिहा. पेन्सिलनंच लिहा, कारण खोडाखोड भरपूर होणार आहे.