रे फिशर : बडतर्फ खेळाडू ते यशस्वी प्रशिक्षक

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या आरंभीच्या काळातील पिचर आणि नंतर ३८ वर्षे मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक राहिलेले रे फिशर यांचे नाव त्या देशाच्या क्रीडा इतिहासात दोन कारणांनी घेतले जाते. पहिले कारण म्हणजे महाविद्यालयीन बेसबॉलमधील त्यांची कामगिरी. दुसरे कारण म्हणजे करारभंगाच्या आरोपावरून १९२१ मध्ये त्यांच्यावर घालण्यात आलेली आणि ५९ वर्षांनंतर दूर झालेली बंदी.

मैदानावर पिचर, शाळेत शिक्षक

रे लाइल फिशर यांचा जन्म ४ ऑक्टोबर १८८७ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागातील व्हरमाँट राज्यात मिडलबरी येथे झाला. त्याच गावातील मिडलबरी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. विद्यार्थिदशेतच ते सुट्टीच्या काळात कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड संघाकडून खेळू लागले होते. पदवी मिळाल्यानंतर १९१० मध्ये ते न्यूयॉर्क हायलँडर्स संघात दाखल झाले. हाच संघ १९१३ पासून ‘यांकीज’ या नावाने ओळखला जातो.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पिचरचे स्थान क्रिकेटमधील गोलंदाजासारखे असते. मात्र सामन्यातील विजय वा पराभव त्याच्या नावावर नोंदविला जातो. फिशर यांच्या नावावर १९१५ च्या हंगामात १८ विजय आणि ११ पराभव होते. त्या वर्षी त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना नऊ डावांमागे सरासरी केवळ २.११ धावा दिल्या. हंगाम संपल्यावर ते गावाकडे परतून शाळेत लॅटिन शिकवीत. त्यामुळे वृत्तपत्रांमध्ये त्यांचा उल्लेख ‘व्हरमाँटचे शाळामास्तर’ असा होत असे.

पहिल्या महायुद्धामुळे १९१८ चा हंगाम त्यांना लष्करी सेवेत घालवावा लागला. त्यानंतर ते सिनसिनाटी रेड्स संघाकडे गेले आणि १९१९ मध्ये १४ विजय मिळवून त्यांनी संघाच्या अजिंक्यपदाला मोलाचा हातभार लावला.

१९१९ ची वादग्रस्त मालिका

त्या वर्षीची ‘वर्ल्ड सीरिज’ ही अंतिम मालिका सिनसिनाटी आणि शिकागो व्हाइट सॉक्स यांच्यात झाली. शिकागोच्या खेळाडूंनी जुगाऱ्यांशी संधान बांधून मालिका हरण्याचा कट केल्याचे पुढे उघडकीस आले. मालिकेतील तिसऱ्या सामन्यात फिशर यांनी सिनसिनाटीकडून चेंडूफेक केली. दुसऱ्या डावात त्यांच्याच हातून चेंडू चुकीचा फेकला गेला आणि शिकागोला दोन धावा मिळाल्या. कटात सहभागी नसलेल्या डिकी कर या शिकागोच्या पिचरने तो सामना ३-० असा जिंकून दिला. मालिका मात्र सिनसिनाटीने ५-३ अशी जिंकली.

या प्रकरणामुळे बेसबॉलची विश्वासार्हता धोक्यात आली. ती सावरण्यासाठी संघमालकांनी न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांची आयुक्तपदी नेमणूक करून त्यांना व्यापक अधिकार दिले. कटातील आठ खेळाडूंवर लँडिस यांनी ऑगस्ट १९२१ मध्ये कायमची बंदी घातली. त्याच वर्षी जी नावे काळ्या यादीत गेली, त्यांत फिशर यांचेही नाव होते. जुगाराशी मात्र त्यांचा कोणताही संबंध नव्हता.

करार आणि बंदी

त्या काळी प्रत्येक खेळाडूच्या करारात एक राखीव कलम असे. त्यानुसार कराराची मुदत संपल्यावरही खेळाडूवर संघाचा हक्क कायम राहत असे. वेतन मान्य नसल्यास खेळाडूला दुसऱ्या संघाकडे जाता येत नसे. खेळ सोडणे एवढाच मार्ग त्याच्यापुढे उरे.

१९२० च्या हंगामानंतर सिनसिनाटीने फिशर यांच्या वेतनात १,००० डॉलरची कपात केली. तेव्हा त्यांचे वय ३३ वर्षांचे होते. याच सुमारास मिशिगन विद्यापीठात बेसबॉल प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली. संघ व्यवस्थापक पॅट मोरान यांची परवानगी घेऊन फिशर मुलाखतीसाठी गेले आणि त्यांना ही नोकरी मिळाली. त्यानंतर त्यांनी संघाकडे दीर्घ मुदतीचा करार मागितला. तो न मिळाल्याने त्यांनी विद्यापीठाची नोकरी स्वीकारली.

नियमानुसार दहा दिवसांची पूर्वसूचना देणे आवश्यक असताना ती सातच दिवस आधी देण्यात आली, असा आक्षेप संघाने घेतला. फिशर यांनी आयुक्तांकडे दाद मागितली. तथापि, लँडिस यांनी संघाची बाजू ग्राह्य धरली आणि व्यावसायिक बेसबॉलची दारे फिशर यांना बंद झाली. चेंडूला थुंकी लावून फेकण्याच्या ‘स्पिटबॉल’ प्रकारावर १९२० मध्ये बंदी आली, तेव्हा ज्या १७ पिचरना अपवाद म्हणून तो फेकण्याची मुभा मिळाली होती, त्यांत फिशर यांचा समावेश होता. ही सवलत वापरण्याची संधी त्यांना पुढे मिळाली नाही. १०० विजय आणि ९४ पराभव या आकड्यांवर त्यांची कारकीर्द थांबली.

अ‍ॅन आर्बरमधील ३८ वर्षे

मिशिगन विद्यापीठ असलेले अ‍ॅन आर्बर हे शहर पुढे फिशर यांची कर्मभूमी ठरले. १९२१ ते १९५८ या काळात त्यांच्या संघांनी ६३० हून अधिक सामने जिंकले आणि ‘बिग टेन’ या विद्यापीठ गटाची १५ विजेतेपदे मिळविली. १९२९ आणि १९३२ मध्ये ते आपला संघ घेऊन जपानच्या दौऱ्यावर गेले. १९५३ मध्ये ओमाहा येथे झालेल्या अंतिम सामन्यात मिशिगनने टेक्सासचा ७-५ असा पराभव करून राष्ट्रीय विजेतेपद पटकाविले, तेव्हा फिशर यांनी वयाची पासष्टी गाठली होती.

उन्हाळ्यात ते व्हरमाँटमधील हौशी संघाला मार्गदर्शन करीत. १९४६ आणि १९४७ मध्ये तेथे त्यांच्या हाताखाली रॉबिन रॉबर्ट्स हा तरुण पिचर तयार झाला. विशेष म्हणजे रॉबर्ट्स हे प्रतिस्पर्धी मिशिगन स्टेट विद्यापीठाचे विद्यार्थी होते. पुढे त्यांनी व्यावसायिक बेसबॉलमध्ये २८६ विजय मिळविले आणि १९७६ मध्ये त्यांना ‘हॉल ऑफ फेम’चा सन्मान लाभला. फिशर यांचे शिष्य डॉन लंड १९५९ मध्ये त्यांच्या जागी प्रशिक्षक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मिशिगनने १९६२ मध्ये पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले.

उशिरा मिळालेला न्याय

निवृत्तीनंतर फिशर यांनी मिलवॉकी आणि डेट्रॉइट या व्यावसायिक संघांच्या पिचरना वासंतिक सराव शिबिरांत मार्गदर्शन केले. कागदोपत्री मात्र त्यांच्यावरील बंदी कायम होती. १९७० च्या दशकात त्यांचे नाव निष्कलंक करण्यासाठी चाहत्यांनी व माजी विद्यार्थ्यांनी प्रयत्न सुरू केले. मिशिगनमध्ये विद्यार्थी असताना फुटबॉल खेळलेले अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनीही त्यांची बाजू मांडली. अखेर १९८० मध्ये आयुक्त बोवी कून यांनी फिशर हे सन्मानाने निवृत्त झालेले खेळाडू असल्याचे मान्य केले. त्या वेळी फिशर नव्वदी ओलांडून गेले होते.

१९८२ च्या उन्हाळ्यात यांकी स्टेडियमवर माजी खेळाडूंच्या मेळाव्यास ते उपस्थित राहिले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी अ‍ॅन आर्बर येथे त्यांचे निधन झाले. मिशिगन विद्यापीठाच्या बेसबॉल मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

खेळाडूंना संघाशी जखडून ठेवणाऱ्या राखीव कलमाचा प्रभाव डिसेंबर १९७५ मधील लवादाच्या निर्णयाने संपुष्टात आला. ज्या व्यवस्थेमुळे फिशर यांना खेळाबाहेर राहावे लागले, ती व्यवस्था त्यांच्या नावावरील डाग पुसला जाण्याच्या पाच वर्षे आधीच मोडीत निघाली होती.