शेवटची बुलेट

दिल्ली कॅन्टला पोस्टिंग झाल्यापासून उन्हाळ्यात गावाकडून एक फोन ठरलेला असतो. यंदा तो पुतण्याचा होता. "काका, लडाखच्या रॅलीत नाव घातलंय. इंडिया गेटवरून सुटणार. आजोबांची बुलेट आणतो."

त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. पहिल्यांदा रॅलीला येणारी सगळी पोरं हेच विचारतात.

आधी त्या बुलेटबद्दल. माझे वडील सिग्नल्समध्ये डिस्पॅच रायडर होते. फौजेत त्याला 'डॉन आर' म्हणत. जुन्या वायरलेसच्या बोलीत डी अक्षराचं नाव 'डॉन'. टेलिफोनची लाइन तुटली, वायरलेसवर बोलायची बंदी असली, की कागद घेऊन हाच माणूस निघायचा. दुसऱ्या महायुद्धात त्याच्याखाली बीएसए, नॉर्टन अशा विलायती गाड्या असत, रात्री दिवा झाकलेला. स्वातंत्र्यानंतर सीमेवरच्या गस्तीसाठी इंग्लंडहून बुलेट मागवल्या गेल्या आणि 1955 मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली. आज रॅलीत जिचा रुबाब मिरवतात, ती गाडी या देशात रुजली ती फौजेच्या ऑर्डरवर. 26 जानेवारीला मोटारसायकलींवर मनोरे रचणारं सिग्नल्सचं 'डेअर डेव्हिल्स' पथकही 1935 पासूनचं, जबलपूरचं.

पण पोरा, त्या बुलेटचा गियर उजव्या पायाला आहे आणि ब्रेक डाव्या. नव्या गाडीवर शिकलेला माणूस घाबरला की सवयीने उजवा पाय दाबतो. गियर बदलतो, गाडी थांबत नाही. शिवाय दिल्ली-एनसीआरमध्ये पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मनाई झाली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. नंतर सवलतींचं बरंच मागेपुढे झालंय, तेव्हा निघण्याआधी ताजा नियम बघा.

डॉन आर बहुधा एकटा जायचा. रॅली म्हणजे ताफा, आणि ताफा रबरासारखा ताणतो. पुढचा वळणावर जरा हळू होतो, त्याच्या मागचा आणखी हळू, शेवटच्याला जवळजवळ थांबावंच लागतं. तोवर पुढचे सुटलेले असतात. मग पडलेलं अंतर भरायला तो जिवाच्या आकांताने पळतो. पुढे साठचा वेग असला की मागे नव्वद होतो. म्हणून नवखा म्होरक्याच्या मागे आणि सगळ्यात मुरलेला गडी, हत्यारांच्या पेटीसह, शेवटी. रस्ता सरळ असेल तर एक डावीकडे, एक उजवीकडे अशी नागमोडी रांग. वळणावर, धुक्यात एकामागे एक. आरशात दिसणारा आपल्या मागचा माणूस ही आपली जबाबदारी.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. युनिटच्या एका मोहिमेत मी म्होरक्या होतो. तरुण होतो, रस्ता मोकळा होता, मी सुटलो. सगळ्यात नवा जवान शेवटी होता, तिथे मीच ठेवलेला. आम्हाला गाठायच्या नादात तो ट्रकला घासला. पाय मोडला. अजून भेटतो तेव्हा त्या दिवसाचा विषय काढत नाही. मीही काढत नाही.

दिल्लीहून निघालं की मुरथलला पराठ्यांसाठी सगळेच थांबतात. मराठी पोरांनी पुढे पानिपतलाही थांबावं, दिल्लीपासून साधारण नव्वद किलोमीटर. काला आंबला स्मारक आहे. भाऊसाहेबांच्या फौजेमागे यात्रेकरू होते, बायकामुलं होती, बाजारबुणगे होते. ऑक्टोबर 1760 मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्या मध्ये आला. रसद तुटली. 14 जानेवारी 1761 ला आपली माणसं उपाशीपोटी लढली. पराभवाचं खापर बुणग्यांवर फोडणं सोपं आहे, मला ते पटत नाही. सोबत घेतलं म्हणजे त्यांच्याच चालीने चालायचं, हा हिशोब म्होरक्यांनी करायचा असतो.

पुतण्या आता दिल्लीतून नवी गाडी भाड्याने घेतोय. बुलेट घरीच राहील. "मला कुठे ठेवतील?" त्याने विचारलं. म्हटलं, पहिल्या वर्षी म्होरक्याच्या मागे, दुसरा.

त्याला ते फारसं आवडलं नाही.