गोळी सापडली, पण कुठे?

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, केळणा आणि जुई नद्यांच्या काठी असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांचे सैन्य आणि आर्थर वेलस्लीची फौज यांची लढाई झाली. अशा जुन्या रणभूमींवर नांगरटीत किंवा पावसाने माती धुपल्यावर शिशाच्या गोळ्या, बटणे वर येतात. ती ओळखायची कशी, असे लोक मला विचारतात. माझा उलट प्रश्न असतो : सापडली कुठे?

ओळखीचे पहिले साधन तराजू. आदळून चपटी झालेली गोळी मोजपट्टीने मापता येत नाही, पण तिचे वजन फारसे घटत नाही. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, त्या हिशेबाने ३२ ग्रॅमची गोळी मूळची सुमारे साडेसतरा मिलिमीटर व्यासाची ठरते. इंग्रजांच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी १९ मिलिमीटरची. काजळी धरलेल्या नळीतही ठासता यावी म्हणून गोळी लहान ठेवत. अमेरिकेतील मॉनमथच्या (१७७८) रणभूमीवरील गोळ्यांसाठी डॅनियल सिव्हिलिच यांनी वजनावरून व्यास काढण्याचे सूत्रच बसवले.

दुसरे साधन भिंग. साच्याची शिवण आणि ओतीव देठ शाबूत असेल, तर गोळी बहुधा झाडलेलीच नाही. ठासण्याच्या घाईत हातून निसटली असावी. आरपार भोक असेल, तर ते कोळ्याच्या जाळ्याचे वजनही असू शकते. दातांचे व्रण दिसले की जखमी शिपायाने वेदनेने चावल्याची कथा सांगतात. पुष्कळदा ते डुकराचे दात असतात.

इथवर वस्तू बोलते. पुढे ती एकटी मुकी आहे. शिंद्यांच्या कवायती पलटणीही युरोपीय धर्तीच्या बंदुका वापरत, त्यामुळे असईची सुटी गोळी कोणाची, हे नुसत्या मापावरून सांगता येत नाही. मात्र न झाडलेल्या गोळ्या एका ओळीत सापडल्या, तर तिथे पलटण उभी होती असा तर्क करता येतो. चपट्या गोळ्यांचा पट्टा माऱ्याची जागा सुचवतो. असईत इंग्रजांच्या ७४ व्या पलटणीची गावाजवळ मोठी हानी झाली. या पलटणींच्या बटणांवर क्रमांक असे. ‘७४’चे बटण शेतात जागेवर नोंदले गेले, तर त्या पलटणीची वाट कळेल. तेच बटण कपाटात गेले, तर पुस्तकात आहे तेवढेच सांगेल.

इंग्लंडमधील बॉसवर्थची (१४८५) लढाई परंपरेने एका टेकडीवर दाखवत. ग्लेन फोर्ड यांच्या पथकाने धातुशोधक घेऊन शेते पालथी घातली, प्रत्येक वस्तूची जागा नोंदली. तोफांचे शिशाचे गोळे आणि तिसऱ्या रिचर्डचे चिन्ह असलेला रानडुकराचा छोटा चांदीचा बिल्ला मिळाला, आणि रणभूमी सुमारे तीन किलोमीटर सरकली.

आपल्याकडे आता हौसेने धातुशोधक फिरवणारे आहेत. संरक्षित स्मारकाच्या जागी विनापरवाना खोदणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असे १८७८ चा कायदा सांगतो. पण कायद्याआधी एवढे करावे : शेतात सहज काही दिसले तर जागेवरच छायाचित्र घ्यावे, गट क्रमांक आणि बांधापासूनचे अंतर लिहावे, वरचा पांढरट थर घासू नये आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. घासलेली गोळी एक वेळ पुन्हा तोलता येते. विसरलेली जागा परत मिळत नाही.