माडगूळकर, गजानन दिगंबर
(१ ऑक्टोबर १९१९–१४ डिसेंबर १९७७). कवी, कथा-पटकथालेखक व विधान परिषद सदस्य. जन्म सध्याच्या सांगली जिल्ह्यातील शेटफळे येथे, मूळ गाव माडगुळे. औंधला मॅट्रिकमध्ये गणितात अडले आणि पोटासाठी कोल्हापूरच्या चित्रसृष्टीत शिरले. राजकारणाशी त्यांचे नाते मात्र सभागृहाच्या फार आधीचे. सातारा-सांगलीच्या खेड्यांत क्रांतिसिंह नाना पाटलांचे ब्रिटिशविरोधी प्रतिसरकार उभे राहिले, तेव्हा शाहीर शंकरराव निकमांसाठी त्यांनी पोवाडे लिहिले. डफावर थाप पडली की चावडीपुढे माणसे जमत. वर्तमानपत्र जिथे पोहोचत नव्हते तिथे पोवाडाच पोहोचे. ‘गीतरामायणा’च्या (१९५५-५६) ५६ गीतांनी त्यांना घरोघरी नेले, पण या शाहिरीची दखल त्यामानाने कमीच घेतली गेली. १९६२ मध्ये ते विधान परिषदेवर नियुक्त झाले. १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७३ च्या यवतमाळ साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पुण्यात निधन. कथाकार व्यंकटेश माडगूळकर हे त्यांचे धाकटे बंधू.